चंद्रभागेचा चुडा

सतीच्या प्रसंगासाठी बदली बाई हवी होती आणि पोशीरमधली एकही सवाष्ण तयार होईना.

“धनी जिता असताना सतीचं सोंग कोन घेईल, बाई?” असं बायका इंदुमतीला तोंडावर सांगायच्या आणि धुण्याची बादली उचलून नदीच्या वाटेला लागायच्या.

इंदुमती चौबळ गिरगावातली. चाळिशी ओलांडलेली, नाटकांचे कपडे शिवणाऱ्या घरात वाढलेली. पेशवाईच्या अखेरच्या काळावर टीव्हीसाठी तेरा भागांची मालिका निघाली, तिची वेशभूषा तिच्याकडे आली होती. एवढं मोठं काम पहिलंच. १९८६ सालच्या पौषात मालिकेचं सगळं बिऱ्हाड नेरळजवळच्या पोशीरला येऊन पडलं. दिग्दर्शक कमळाकर प्रधान यांना जुनं गाव पाहिजे होतं. इथे कौलारू घरं होती, नदी होती, भात झोडून झाल्यामुळे मोकळी पडलेली शेतं होती. विजेचे खांब तेवढे कॅमेऱ्याला चुकवायचे. गावाबाहेरची बंद पडलेली भातगिरणी कपडेपटाला मिळाली. तिथे ट्रंका लागल्या, दोऱ्या बांधल्या गेल्या, आणि नवी धोतरं जुनी दिसावीत म्हणून चहाच्या पाण्यातून काढून वाळत पडली. कोंडा मात्र कितीही झाडला तरी जाईना. जरीत, पागोट्यांच्या घड्यांत, सगळीकडे सापडायचा.

हाताखाली सहदेव होता. चौकजवळच्या लोधिवलीचा, बौद्ध घरातला, खोपोलीच्या बाजारात शिलाईचं दुकान असलेला. चित्रीकरण संपेपर्यंत दुकान भावावर सोपवून तो आला होता.

मालिकेची नायिका शेवटी सती जाते. नटीने जवळून घ्यायची दृश्यं उरकली आणि ती दुसऱ्या कामासाठी मद्रासला निघून गेली. वाड्यापासून नदीपर्यंतची मिरवणूक आणि चिता एवढं लांबून घ्यायचं राहिलं. नटीच्या उंचीची, नऊवारी नेसून सरळ चालणारी कोणीही बाई चालली असती.

शेवटी आबाजी कराळे आपणहून गिरणीत आला. पस्तिशीचा, नीट भांग पाडलेला, मिरवणुकीत भालदार म्हणून उभा राहणारा गावातलाच माणूस.

“आमची वहिनी हाय,” तो म्हणाला. “भाऊ जाऊन चार वर्सं झाली. तिला कसला अपशकुन व्हायचा राहिलाय?”

दुसऱ्या दिवशी सासू गंगाबाई चंद्रभागेला घेऊन आली. फिकट निळं लुगडं, पदर कपाळावर ओढलेला, मोकळे हात. वय सत्तावीसच्या आसपास असावं, पण दारात ती अशी उभी राहिली की तिच्यामागून येणाऱ्याला वाट देण्यासाठीच जणू थांबली आहे.

इंदुमतीने सतीसाठी दोन शालू अगदी सारखे केले होते. एक बाईला नेसायला, एक चितेवर जाळायच्या पुतळ्याला. भुलेश्वरला मिळालेले जुने शालू तिने स्वतः कुसुंबी रंगात बुडवले होते. त्यातला एक तिने उलगडून धरला, तेव्हा चंद्रभागेने त्याला बोट लावलं नाही.

“जर खरी हाय?”

“खरी आहे.”

“माझ्या लग्नातला येवढा भारी नव्हता,” ती म्हणाली आणि हात पुढे केले.

नेरळहून बोलावलेल्या कासाराने ते हात पाहिले, सासूकडे पाहिलं, आणि बांगड्यांची पेटी मिटवली. विधवेला चुडा भरणार नाही म्हणाला. इंदुमती वैतागली. त्याच्याकडून बांगड्या ठेवून घेतल्या, साबणाचं पाणी केलं आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा स्वतः भरला. नथ घातली. केस सोडले. मग भुवईपासून भुवईपर्यंत सगळं कपाळ झाकेल असा कुंकवाचा मळवट भरला. चंद्रभागेने डोळे घट्ट मिटून घेतले होते. या कपाळाला चार वर्षांनी कुंकू लागतंय, हे इंदुमतीच्या ध्यानात आलं ते स्वतःची बोटं लाल झाल्यावर.

आरसा समोर धरला. चंद्रभागा बराच वेळ बघत राहिली.

दाराशी बसलेली गंगाबाई उठली. तिने सुनेकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. ती पुढे आली आणि वाकून सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. चंद्रभागा मागे सरली. म्हातारीने पाय सोडले नाहीत.

गिरणीत दहाबारा माणसं असतील. कोणी हसलं नाही.

“बाई, हे बरं दिसत नाही,” नंतर सहदेव ट्रंक लावता लावता म्हणाला.

“नाटकात देव झालेल्या नटाच्याही पाया पडतात लोक,” इंदुमती म्हणाली. “मेकअप उतरला की विसरतात.”

मिरवणूक दुपारी झाली. चंद्रभागा वाड्याच्या पायऱ्या उतरली. दोन्ही बाजूंना गावातल्याच बायका उभ्या केल्या होत्या, लुगडी चहाच्या पाण्यातली, हातात झेंडूची फुलं. त्यांनी फुलं उधळायची एवढंच ठरलं होतं. पण एक म्हातारी रांग सोडून पुढे आली आणि पायांवर पडली. मग दुसरी. मग एक तरुण बाई कडेवरचं मूल घेऊन आली आणि ते मूल तिने सरळ चंद्रभागेच्या पायांशी, धुळीत ठेवलं. कमळाकर प्रधान कॅमेऱ्यामागून हातानेच खुणावत होते, थांबवू नका, चालू ठेवा. चंद्रभागेने खाली पाहिलं. मग हात उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवला. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“असं नैसर्गिक काम पैसे देऊन मिळत नाही,” प्रधान संध्याकाळी चहा पिताना म्हणाले.

चितेचं दृश्य मात्र लांबलं. आग लावणारा मुंबईचा जाणकार दुसरीकडे अडकला, तो पुढच्या आठवड्यात येणार होता. शालू ट्रंकेत गेला, नथ डबीत गेली. चंद्रभागा बांगड्या काढायला बसली तेव्हा इंदुमतीने घड्याळ पाहिलं. साबणपाणी, तासाभराची खटपट, दोनचार तरी फुटणार, आणि पुन्हा अगदी तशाच मिळवायच्या.

“राहू देत,” ती म्हणाली. “परत घालायच्याच आहेत. कंटिन्युइटी राहील.”

“घरी घालून जाऊ?”

“जा की.”

चंद्रभागा गेली. शेताच्या बांधावरून जाताना तिने पदराखालून एक हात बाहेर काढून उन्हात धरलेला सहदेवला दिसला.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मग गिरणीत पाणी भरणारी मैना सांगू लागली, कराळ्यांच्या घरी माणसं येतात. आधी शेजारच्या बायका. मग कळंबहून एक जोडपं, मूल होत नाही म्हणून. मग कशेळ्याहून बैलगाडीतून एक आजारी म्हातारा. आबाजीने पडवी सारवून घेतली आणि पाट मांडला. सहदेव घरी जाऊन आला तेव्हा टेंपोत ऐकलेलं बोलणं त्याने इंदुमतीला सांगितलं.

“पोशीरला सती जागी झालीय म्हणतात. बाई, तो चुडा काढून घ्या.”

“लोक कंटाळतील.”

“कंटाळणार नाहीत. ते तारीख विचारतायत.”

“कसली तारीख?”

“ती कधी जाणार त्याची.”

 दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुमतीने ट्रंक उघडली तर एका शालूच्या पदराला कात्री लागलेली. फाटला नव्हता, कुरतडला नव्हता. बोटभर रुंदीचे तुकडे व्यवस्थित कापून नेले होते. ती मैनावर चिडली. मैनाने मान खाली घातली आणि पोलक्याच्या आतून काळ्या दोऱ्यात ओवलेला एक कुसुंबी तुकडा काढून दाखवला.

“पोराच्या गळ्यात बांधायला घेतला. सगळ्यांनीच घेतलाय, बाई.”

त्याच दुपारी इंदुमती साबण घेऊन कराळ्यांच्या घरी गेली. अंगणात चपलांचा ढीग होता. पडवीत चंद्रभागा पाटावर बसली होती. अंगावर तेच फिकट लुगडं, पण कपाळावर मळवट. समोर नारळ, फुलं, पेटलेल्या उदबत्त्या. बायका एकेक करून पुढे येत होत्या. खांबाला टेकून आबाजी उभा होता. भालदाराचं पागोटं त्याने परत केलं नव्हतं, डोक्यावर तेच होतं.

“आई आता उठतील,” तो अदबीने म्हणाला. “जरा थांबा, बाई.”

आई कोणाला म्हणतोय हे समजायला इंदुमतीला एक क्षण लागला.

माजघरात दोघीच राहिल्यावर इंदुमतीने दार लोटलं.

“हात दे. बांगड्या काढू.”

चंद्रभागेने हात पदराखाली घेतले. “तुमीच म्हनाला व्हता ना, राहू देत.”

“आता मीच सांगते, काढ.”

“ह्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या. सकाळी समोर आले तर माघारी वळायच्या. आता पोरांच्या कपाळाला माझ्या हातनं अंगारा लावून घेतात.” तिच्या बोलण्यात आनंद नव्हता, तक्रारही नव्हती.

“आणि पुढे?”

“पुढं नदीवर जायचं.”

“नदीवर शूटिंग आहे, चंद्रभागा. तू चितेच्या पायऱ्या चढशील, कॅमेरा बंद होईल, तू खाली उतरशील. आगीत पुतळा बसणार आहे.”

“मला ठाव हाय.”

“त्यांना ठाऊक आहे का?”

बाहेर कोणीतरी नारळ फोडला. चंद्रभागा दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “भावजी परवा म्हनाले, पुतळा कशाला, लोकं येवढी लांबून येतात. हसत म्हनाले. सासूबाय नाय हसल्या.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हननार? गेल्या साली धन्याच्या वाट्याची जमीन मागितली, तवापासनं ह्या घरात माझ्याशी कोन बोलत नव्हतं. आता सगळी बोलतात.”

इंदुमतीने तिचा दंड धरला. “तुला मरायचंय का?”

“नाय.” हे तिने लगेच सांगितलं.  “पन नाय म्हनायला जागा कुठं हाय? तुमी सांगा.”

दार उघडलं. गंगाबाई आत आली, मागे आणखी बायका. बांगड्या तशाच राहिल्या.

इंदुमतीने प्रधानांना सगळं सांगितलं. दृश्य रद्द करा, नाहीतर दुसरीकडे हलवा, म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्ही कपड्यांचं बघा, इंदुताई. गर्दी मी सांभाळतो. पोलीस बोलावलेत.”

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळपासून माणसं नदीकाठी बसली होती. नेरळकडून, डोंगराच्या पायथ्यापासून, कुठून कुठून आलेली. भाकऱ्या बांधून आणलेली. जाणकार येऊन चिता रचून झाली होती. लाकडांच्या आत रॉकेलचे बोळे आणि मागच्या बाजूने उतरायला लपवलेल्या पायऱ्या. काठावरच्या करंजाच्या झाडांखाली कपड्यांचा तंबू ठोकला होता. त्यात पुतळा बसवलेला होता, पेंढ्याचा, डोक्यावर केसांचा टोप, हातात हिरव्या बांगड्या, अंगावर पदर कापलेला शालू. दुसरा शालू काढायला इंदुमतीने ट्रंक उघडली. तो तिथे नव्हता.

ऊन कलल्यावर ढोल ऐकू आला. मालिकेत सनई होती, ढोल नव्हता. इंदुमती तंबूबाहेर आली.

चंद्रभागा आधीच नटून आली होती. हरवलेला शालू तिच्या अंगावर होता, घरच्या बायकांनी नेसवलेला. केस मोकळे, कपाळ लाल. तिची नजर कुठेच ठरत नव्हती. दोन्ही दंडांना दोन बायकांनी धरलं होतं, आधार देतात तसं, पण त्यांच्या बोटांची पकड घट्ट होती. पुढे आबाजी चालत होता. त्याच्या हातात शिंकाळ्यात विस्तवाचं मडकं होतं, प्रेतयात्रेत धरतात तसं. पटकथेत मडकं नव्हतं. बंदोबस्ताला आलेल्या दोघा पोलिसांपैकी एकाने टोपी काढून काखेत धरली आणि हात जोडले.

प्रधान चौथऱ्यावर, कॅमेऱ्याशेजारी होते. त्यांनी भोंग्यातून काहीतरी सांगितलं. ढोलात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

इंदुमती वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या पोलक्याला नेहमीसारख्या टाचण्या टोचलेल्या होत्या, गळ्यात मापाची पट्टी होती.

“अशी नेता?” ती आबाजीला म्हणाली. “नेसण चुकलीय. चितेवर चढताना निऱ्या सुटल्या तर काय करशील? सगळ्यांदेखत?”

आबाजी थांबला. त्याने मागे पाहिलं.

“मोठ्या घरची नेसण आहे ही. ती मलाच जमते,” इंदुमती बायकांकडे वळून म्हणाली. “मी सारखी करून देते. अपशकुन नको.”

बायकांत कुजबुज झाली. गंगाबाईने मान हलवली. “करू द्या रं तिला. नीट जाऊ दे.”

दंड सोडले गेले. इंदुमतीने चंद्रभागेला तंबूत घेतलं आणि पडदा बांधून टाकला. आत सहदेव होता. त्याने एका नजरेत तिचा बेत ओळखला आणि तो पाठ करून मागच्या कनातीची दोरी सोडू लागला.

“चंद्रभागा, इकडे बघ. इथून बाहेर पडायचं. सतीसारखी नाही, तुझ्यासारखी.”

 इंदुमतीने शालू उतरवला. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं, कातडी लाल होईपर्यंत. नथ काढली. केसांची गाठ मारली. राहिला चुडा. साबणाला वेळ नव्हता. तिने ट्रंकेच्या झाकणावर चंद्रभागेचा हात ठेवला आणि कोळशाची इस्त्री उचलली. 

“डोळे मीट.”

चंद्रभागेने मिटले नाहीत. इस्त्री बांगड्यांवर आपटली, पुन्हा आपटली. काचा उडाल्या, मनगटाला दोन ठिकाणी लागलं. बाहेरच्या ढोलात आवाज बुडून गेला. दुसरा हात चंद्रभागेने आपणच पुढे ठेवला.

“तवा पन असंच केलं व्हतं,” ती म्हणाली. “दारात बसवून. सासूबायनी दगड घेतला व्हता.”

 इंदुमतीने चहाच्या पाण्यात रंगवलेलं एक लुगडं तिला गुंडाळलं, पदर कपाळावर ओढला आणि धोतरांचं गाठोडं डोक्यावर दिलं. सहदेवने दुसरं गाठोडं घेतलं. दोघं मागच्या बाजूने बाहेर पडले.

कपडेपटाचा टेंपो बांधापलीकडे उभा होता. तिथपर्यंत माणसंच माणसं होती. इंदुमती कनातीच्या फटीतून बघत राहिली. विधवेकडे बघायची कोणालाच गरज नव्हती. कळंबहून आलेलं ते जोडपं वाटेतच बसलं होतं. त्यातल्या माणसाने गाठोडं अंगावर आलं म्हणून तिला कोपराने ढकललं.

“सरक गं बाजूला. सती यायची हाय.”

चंद्रभागा सरकली आणि पुढे गेली.

मग मोठ्या घरची सती पालखीतूनच जाते असं बाहेर सांगून इंदुमतीने मालिकेच्या सामानातली पालखी तंबूत मागवली. पडद्याआड पुतळा ठेवला, हात तेवढा बाहेर दिसेलसा. पालखी उचलणारे मुंबईचे होते, त्यांनी काही विचारलं नाही. कुसुंबी पदर दिसताच गर्दीतून एक लांब हुंकार निघाला आणि माणसं जमिनीवर आडवी होऊ लागली. पालखी चितेवर टेकली. आबाजी पायऱ्या चढून वर गेला. त्याने पडदा बाजूला केला.

इंदुमती खाली, चितेपासून हाकेच्या अंतरावर होती. आबाजीचा चेहरा तिला स्पष्ट दिसला. त्याने पेंढ्याचं तोंड पाहिलं. टोप पाहिला. मग मान वळवून गर्दीवर नजर फिरवली, तंबूकडे पाहिलं, इंदुमतीकडे पाहिलं. तिला वाटलं, तो आता ओरडेल, मग ही सगळी माणसं टेंपोमागे धावतील.

आबाजीने पडदा पुन्हा नीट लावला. खाली उतरला आणि विस्तवाचं मडकं लाकडांत उलटं केलं. जाणकार धावत येईपर्यंत रॉकेलने पेट घेतला होता.

“सतीमाता गेल्या,” आबाजी म्हणाला. हजार माणसांनी ते उचललं.

प्रधानांना हवं ते मिळालं. मालिका त्याच वर्षी टीव्हीवर लागली आणि तो भाग सगळ्यांना आवडला. कागदावर तर काहीच झालं नव्हतं. पुतळा जळाला होता, पोलिसांनाही ते युनिटच्या लोकांनी समजावून सांगितलं. पण पोशीरमध्ये ते कोणी ऐकून घेतलं नाही. चितेच्या जागेवरची राख लोकांनी पुड्यांत बांधून नेली, आणि पावसाआधी तिथे चौथरा उभा राहिला.

चंद्रभागा लोधिवलीत सहदेवच्या आईकडे, जानकीबाईकडे राहिली. सुरुवातीला ती घराबाहेर पडत नसे. मग जानकीबाईने तिला काजं-बटणं शिकवली, ती दुकानाचं काम घरी करू लागली. इंदुमती मुंबईहून अधूनमधून यायची. दोघींचं फारसं बोलणं व्हायचं नाही. एकदा चंद्रभागा एवढंच म्हणाली, “तुमी मला वाचवलं, ते खरं. पन नटवली ती पन तुमीच.” इंदुमतीने मान हलवली. ती मुंबईला परतली तेव्हा तिच्याकडे आणखी एका ऐतिहासिक मालिकेचं काम चालून आलं होतं. ते तिने घेतलं नाही.

पुढल्या दिवाळीनंतर चौकच्या बाजारात आबाजी दिसला. चंद्रभागा मिरच्या घेत होती. त्याने तिला पाहिलं, नीट पाहिलं. ओळख दाखवली नाही. फक्त हात जोडले, कपाळाला लावले आणि निघून गेला.

“आता इथनं जायला पाहिजे,” सहदेव म्हणाला. “त्याला तू मेलेलीच बरी आहेस.”

“एकदा गाठोडं घेऊन निघाले तेवढं पुरे,” चंद्रभागा म्हणाली. “आता जमीन मागनार.”

जानकीबाई आणि वस्तीतल्या चार बायका तिच्याबरोबर कर्जतला मामलेदार कचेरीत गेल्या. साहेबांनी आबाजीला आणि गंगाबाईला बोलावून घेतलं. इंदुमतीही आली होती. आबाजीने चंद्रभागेकडे न बघता सांगितलं, “आमची वहिनी गेली, साहेब. सगळ्या गावानं बघितलंय. ही कोन बाई ते मला ठाव नाय.”

साहेबांनी गंगाबाईला विचारलं. म्हातारी बराच वेळ सुनेकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. आबाजीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“हीच,” गंगाबाई म्हणाली. खांदा सोडवून घेतला आणि बाकावर जाऊन बसली.

जमिनीची वाटणी व्हायला दोन वर्षं लागली, पण झाली. नदीकडेचा तुकडा चंद्रभागेच्या वाट्याला आला. पेरणीच्या वेळी ती, सहदेव आणि इंदुमती तो बघायला गेली. गावात शिरल्यापासून कोणी त्यांच्याशी बोललं नाही. कोणी अडवलंही नाही. ज्या घरावरून जावं त्या घराचं दार आतून लागत होतं. मजुरीला माणूस मिळतो का म्हणून सहदेवने तिघाचौघांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

बांधावर एक बाई पोरीला घेऊन उभी होती. चंद्रभागेला बघून तिने पोरीला मागे ओढलं, तिच्या डोळ्यांवर हात धरला, आणि स्वतः ओल्या चिखलात गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं. तशीच राहिली. उठेना.

“उठ गं,” चंद्रभागा म्हणाली. “मी हाय. चंद्रभागा.”

बाईने मान वर केली नाही.

 चंद्रभागेने लुगड्याचा ओचा खोचला, शेतात उतरली आणि बांधाची फुटलेली बाजू हाताने चिखल लावून एकटीच बुजवू लागली. इंदुमतीने चपला काढल्या आणि तीही उतरली. संध्याकाळपर्यंत गावातून कोणी त्या बाजूला आलं नाही.